बेघरांचा दिवस : पुण्यातल्या एका विद्यार्थी फोटो प्रकल्पाची बांधणी

पत्रकारितेच्या वर्गात 'गरिबी' हा विषय दिला की सुरुवातीला जमा होणारे फोटो जवळपास सारखेच असतात. पूल, पुलाखाली पांघरूण, पांघरुणाबाहेर आलेले पाय. दुसरा हमखास येणारा फोटो म्हणजे वर टू बीएचके फ्लॅटच्या जाहिरातीचं होर्डिंग आणि खाली फुटपाथवर झोपलेला माणूस. हे दोन्ही फोटो काढायला कुणाशी एक शब्दही बोलावा लागत नाही, आणि तिथेच ते कमी पडतात. हा माणूस कोण, कुठून आला, काय काम करतो, इथेच का झोपतो, यातलं काहीच त्यांत येत नाही. शिवाय झोपलेला माणूस हो किंवा नाही म्हणू शकत नाही. म्हणून पुण्यातल्या बेघरांवरच्या आमच्या विद्यार्थ्यांच्या फोटो प्रकल्पात पहिली अट ठेवली ती हीच, की झोपलेल्या माणसाचा फोटो काढायचा नाही. टिपायचा तो दिवस. अंघोळ कुठे होते, बोचकं कुठे राहतं, मोबाईल कुठे चार्ज होतो, जेवण कुठे, काम कुठे मिळतं, कागदपत्रं कशात गुंडाळलेली असतात. चार भिंतींच्या आत होणारी ही सगळी कामं बेघर माणसाला शहरभर विखरून करावी लागतात. त्या जागा शोधून काढणं हाच आमच्या लेखी खरा विषय.

आधी 'बेघर' कुणाला म्हणायचं ते पक्कं करावं लागतं. २०११ च्या जनगणनेत ही मोजणी वेगळी झाली होती, २८ फेब्रुवारीच्या रात्री. उघड्यावर, फुटपाथवर, मोठ्या सिमेंट पाइपात, उड्डाणपुलाखाली, जिन्याखाली, देवळाच्या आवारात किंवा रेल्वे फलाटावर राहणारे, म्हणजे जनगणनेच्या भाषेत 'घर' म्हणता येईल अशी जागा नसलेले, ते बेघर. देशभरात ही संख्या सुमारे १७ लाख ७० हजार भरली आणि महाराष्ट्रात २ लाख १० हजारांवर. मोजणी एका रात्रीची असल्यामुळे त्या रात्री लग्नाच्या हॉलमध्ये भांडी घासणारा किंवा ट्रकवर हमाली करणारा तीतून सहज सुटू शकतो. आकडा वापरताना ही मर्यादा सोबत लिहावी.

या व्याख्येनुसार जनता वसाहत, कासेवाडी, ताडीवाला रोड किंवा पाटील इस्टेट या पुण्यातल्या झोपडवस्त्यांमधली कुटुंबं बेघर नाहीत. गरिबी तिथेही आहे, पण तिथे दार आहे, कुलूप आहे, पत्ता आहे. दोन्ही विषय एकाच प्रकल्पात कोंबले की दोन्हींवर अन्याय होतो, म्हणून आम्ही वस्त्या बाजूला ठेवल्या.

रात्री उघड्यावर दिसणारा प्रत्येक जण बेघर असतो असंही नाही. ससून रुग्णालयाच्या आसपास पथारी टाकणाऱ्यांत बाहेरगावच्या रुग्णांचे नातेवाईक असतात. स्वारगेटला पहाटेच्या पहिल्या एसटीची वाट पाहणारे असतात. पालख्या मुक्कामी आल्या की पेठांतले ओटे, शाळा, देवळं वारकऱ्यांनी भरून जातात, आणि गणपतीच्या दिवसांत फुगे-खेळणी विकणारी परप्रांतीय कुटुंबं महिनाभर फुटपाथवर असतात. म्हणून पालखीचा आठवडा आणि गणपतीचे दिवस पाहणीतून वगळावेत किंवा त्यांची नोंद स्वतंत्र ठेवावी. नाहीतर वारकऱ्याचा फोटो बेघर म्हणून लावला जातो, आणि असा एक फोटो प्रदर्शनात सापडला की बाकीच्यांवरचा विश्वासही जातो.

आणखी एक गट कामासाठी आलेल्यांचा, आणि हे मात्र बेघरच. डिसेंबर २०२४ मध्ये वाघोलीत केसनंद फाट्याजवळ मध्यरात्रीनंतर फुटपाथवर झोपलेल्या माणसांच्या अंगावर डंपर गेला. तिघांचा जीव गेला, त्यांत दोन अगदी लहान मुलं होती. ही माणसं अमरावती भागातून बांधकामाच्या कामासाठी आली होती. भीक मागणारी नव्हती. पुण्यातल्या बेघरांमध्ये हाताला काम असलेले किती आहेत हे लोकांच्या लक्षातच येत नाही, कारण काम करताना ते 'बेघर' दिसत नाहीत. मजूर अड्ड्यावर ते बिगारी असतात, मार्केट यार्डात हमालाच्या हाताखालचे, लग्नाच्या हॉलमध्ये वाढपी, भंगाराच्या दुकानासमोर कागद-काच वेचणारे. प्रकल्पाचा कणा हाच ठेवला, एकच माणूस कामावर आणि कामाबाहेर.

पाहणी कॅमेऱ्याशिवाय करावी. एकाच जागी तीन वेळा जायचं: पहाटे पाच ते सात, दुपारी एक ते तीन आणि रात्री साडेदहानंतर, दुकानांची शटरं पडल्यावर. पहाटेची वेळ सगळ्यात महत्त्वाची. झाडूवाले येण्याआधी आणि दुकानं उघडण्याआधी पथाऱ्या गुंडाळल्या जातात, सुलभ शौचालयासमोर रांग लागते, चहाच्या टपरीवर आदल्या दिवशीच्या मजुरीचा हिशेब चालतो. सहानंतर तीच जागा रिकामी दिसते, आणि दुपारीच जाणारा विद्यार्थी 'इथे कुणी राहत नाही' असं लिहून मोकळा होतो. दुपारी हीच माणसं बागेतल्या बाकांवर, नदीपात्रातल्या रस्त्याकडेला किंवा स्टेशनाजवळ सावलीला भेटतात, कारण रात्रीची झोप तुटकी असते. वहीत प्रत्येक जागेसाठी एक पान ठेवावं: छप्पर आहे का, दिवा कुठे आहे, पाणी किती पावलांवर, शौचालय कधी उघडतं आणि किती पैसे घेतात, हटवायला कोण येतं, पावसात ही माणसं कुठे सरकतात. पुण्यात थंडीत पारा दहा अंशांच्या खाली जातो तेव्हा आणि जून-जुलैत झोपायच्या जागा पूर्ण बदलतात. एकाच ऋतूत केलेला प्रकल्प अर्धाच राहतो.

हद्दी समजून घ्याव्यात. पुणे स्टेशनाच्या आवारात मध्य रेल्वेची हद्द, तिथे रेल्वे पोलीस आणि आरपीएफ, म्हणजे रेल्वे सुरक्षा दल. फाटकाबाहेरचा फुटपाथ महापालिकेचा. थोडं पुढे कॅम्पात कॅन्टोन्मेंट बोर्ड, आणि लष्करी आवारांच्या दिशेने कॅमेरा वळवणं सक्त टाळायचं. रेल्वेच्या आवारात फोटो काढायचे तर कॉलेजच्या लेटरहेडवर अर्ज करून आधी लेखी परवानगी घ्यावी. अर्जात विद्यार्थ्यांची नावं, तारखा, वेळा आणि 'व्यावसायिक वापर नाही' हे वाक्य असावं. उत्तराला वेळ लागतो, म्हणून अर्ज पहिल्याच आठवड्यात टाकावा. सार्वजनिक रस्त्यावर अशी परवानगी लागत नाही, तरीही रात्रीच्या कामाआधी पत्राची एक प्रत जवळच्या पोलीस चौकीत द्यावी. रात्री कुणीही एकट्याने जायचं नाही. दोघं किंवा तिघं, आणि बायका-मुली राहतात तिथे जाणाऱ्या गटात किमान एक विद्यार्थिनी. चौघांच्या वर गट गेला की समोरच्याला तो छापा वाटतो.

महापालिकेचा समाज विकास विभाग बेघरांसाठी निवारे चालवतो, प्रत्यक्ष काम संस्था पाहतात. निवाऱ्यात जाण्याआधी केंद्र सरकारच्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात ठरलेले निकष वाचून जावेत. एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांची सोय, माणशी किमान ५० चौरस फूट जागा, आणि निवारा वर्षभर चोवीस तास उघडा. २०११ मध्ये पुणे महापालिकेची लोकसंख्या ३१ लाखांवर होती, म्हणजे त्या हिशेबानेच ३,१०० जणांची सोय हवी. तुमच्या प्रकल्पाच्या काळात प्रत्यक्ष किती आहे, हे माहिती अधिकाराच्या अर्जाने विचारता येतं. अर्जाची फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. फोटोशेजारी हा आकडा लावला की बघणारा नुसता हळहळत नाही, प्रश्न विचारू लागतो.

निवारा असूनही लोक बाहेर का झोपतात, हे विचारलंच पाहिजे. नवरा-बायकोला वेगवेगळ्या निवाऱ्यात राहावं लागतं. रात्री दोनला केटरिंगवरून परतणाऱ्याला तिथल्या वेळा जमत नाहीत. मजूर अड्डा पहाटे भरतो आणि निवारा लांब असला तर रिक्षाचा खर्च मजुरीतून जातो. काहींना दारूमुळे आत घेत नाहीत, काहींची हातगाडी किंवा भंगाराची पोती ठेवायला जागा नसते. ही कारणं फोटोत येत नाहीत, मुलाखतीतूनच येतात.

आता कायद्याकडे येतो. या टप्प्यावर सगळ्यात जास्त वेळ द्यावा, कारण इथली चूक फोटोग्राफरला नाही, समोरच्याला भोवते.

मुलांपासून सुरुवात करू. बाल न्याय कायदा २०१५ नुसार घर नसलेलं, रस्त्यावर राहणारं, काम करणारं किंवा भीक मागणारं मूल हे 'काळजी व संरक्षणाची गरज असलेलं' मूल ठरतं. कलम ७४ अशा मुलाची ओळख पटेल असा फोटो, नाव, पत्ता, शाळा प्रसिद्ध करायला मनाई करतं. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आईने हो म्हटलं म्हणून विद्यार्थ्याची सुटका होत नाही. सिग्नलवरच्या मुलीचा डोळ्यांत बघणारा क्लोजअप, जो स्पर्धांमध्ये बक्षिसं घेतो, तो इथे चालत नाही. आणि चेहरा नंतर ब्लर करण्यावर भिस्त ठेवू नये. मूळ फाईल कुठेतरी राहतेच. शिवाय मूल चेहऱ्यावरूनच ओळखू येतं असं नाही. शाळेच्या टी-शर्टवरचा छाप, हातावरचं गोंदण, मागची पाटी, सोबत बसलेली आजी, यांवरूनही ओळखू येतं. फ्रेमच अशी घ्यावी की ओळख मुळात येणारच नाही: पाठ, हात, सावली, खेळणं, वहीत गिरवलेली अक्षरं. एखादं मूल एकटं किंवा धोक्यात दिसलं तर कॅमेरा बाजूला ठेवून १०९८ ला फोन करायचा.

दुसरा कायदा विद्यार्थ्यांना सहसा माहीतच नसतो. मुंबई भीक प्रतिबंधक कायदा, १९५९. त्यातली 'भीक मागणे'ची व्याख्या फार पसरट आहे. उदरनिर्वाहाचं दिसेल असं साधन नसताना सार्वजनिक जागी अशा अवस्थेत फिरणं किंवा थांबणं, की हा माणूस भिकेवरच जगत असावा असं वाटेल, तेही या व्याख्येत बसतं. पोलीस वॉरंटशिवाय ताब्यात घेऊ शकतात, आणि न्यायालयाला पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं संस्थेत ठेवण्याचा आदेश देता येतो. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये या कायद्यातली भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमं दिल्लीपुरती रद्द केली. तो निकाल महाराष्ट्राला लागू होत नाही. म्हणजे हात पसरलेल्या माणसाचा चेहरा आणि चौकाचं नाव एकत्र छापलं, तर तुमचा फोटो त्याच्याविरुद्ध वापरता येतो. म्हणून हात पसरलेला क्षण आम्ही पूर्ण वगळला. आणि कॅप्शनमध्ये ठिकाण ढोबळच लिहायचं ठरवलं, 'शिवाजीनगर परिसर' एवढंच. पुलाचा खांब, गल्ली, दुकान लिहायचं नाही. अतिक्रमण विभागाची गाडी यायला तेवढा पत्ता पुरतो.

बायकांच्या बाबतीत अंघोळ, कपडे बदलणं, शौचाला जाणं यांच्या आसपासही कॅमेरा नसावा. उघड्यावर करावं लागतं म्हणून ते खासगी राहत नाही असं नाही, आणि बाईचे असे फोटो काढणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा ठरू शकतो. मारहाणीमुळे घर सोडलेल्या बायका असतात. त्यांचा चेहरा छापला गेला तर नवरा दारात उभा राहील, फक्त इथे दारही नाही. मानसिक आजाराची लक्षणं दिसणाऱ्या माणसाचा फोटो घेऊच नये. त्याची संमती खरी आहे की नाही हे ठरवण्याची पात्रता आपल्याकडे नसते.

संमती कशी घ्यायची? इंग्रजी फॉर्मवर अंगठा घेणं म्हणजे संमती नव्हे. आधी बसायला विचारायचं, "मावशी, बसू का इथं जरा?" उभं राहून, वाकून बोलायचं नाही. वय बघून काका, मामा, आजी, ताई, दादा, आणि सगळ्यांना 'तुम्ही'. कॉलेजच्या पोरांच्या तोंडात फुटपाथवरच्या माणसाला 'ए' किंवा 'अरे' पटकन येतं, ते पहिल्या दिवशीच मोडावं लागतं. मग तीन गोष्टी साध्या मराठीत किंवा हिंदीत सांगायच्या: फोटो कुठे लागणार, कोण बघणार, नाव येणार की नाही. इंटरनेटवर जाणार असेल तर तसं स्पष्ट सांगायचं, 'तुमच्या गावातल्या कुणाच्या मोबाईलवरही दिसू शकतो' अशा शब्दांत. बऱ्याच जणांनी गावी सांगितलेलं असतं की पुण्यात कंपनीत आहे. हे वाक्य ऐकलं की अर्धे लोक चेहरा नको म्हणतात, आणि ती सगळं समजून दिलेली 'नाही' घाईघाईत मिळालेल्या 'हो'पेक्षा मोलाची असते. हो म्हणणाऱ्याची संमती मोबाईलवर आवाजात नोंदवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायची. रात्री दारू प्यालेल्या किंवा उपाशी माणसाने दिलेला होकार मोजायचा नाही.

फोटोसाठी पैसे द्यायचे नाहीत. एकाला दिले की संध्याकाळपर्यंत ती बातमी पुलाच्या दुसऱ्या टोकाला पोचते, आणि त्यानंतर मिळणारी प्रत्येक संमती विकत घेतलेली असते. चहा एकत्र प्यायला हरकत नाही. ब्लँकेट वाटत फोटो काढणारे हिवाळ्यात बरेच येतात. त्यांच्यात आपली गणना होऊ नये म्हणून वाटपाच्या वेळी कॅमेरा काढायचाच नाही.

द्यायचंच असेल तर फोटो द्यावा. आमच्या प्रकल्पात सगळ्यात जास्त मागणी आली ती पासपोर्ट साइज फोटोंची. रेशनकार्ड, बँक खातं, निवाऱ्यातली नोंद, सगळीकडे फोटो लागतो आणि स्टुडिओत जायला संकोच वाटतो. पांढरी भिंत किंवा पांढरी चादर, सकाळी आठच्या सुमाराची सावलीतली उजेडाची जागा, ५० मिमी लेन्स, दीड मीटर अंतर. ३५ बाय ४५ मिमीच्या आठ प्रती ४ बाय ६ च्या एका प्रिंटवर बसतात. त्या झिप असलेल्या प्लॅस्टिक पिशवीत घालून द्याव्यात, नाहीतर पहिल्या पावसात जातात. मतदार यादीचंही सांगावं. बेघर माणसाला यादीत नाव घालण्याचा फॉर्म ६ भरता येतो. राहण्याचा पुरावा नसला तरी चालतं. तो जिथे झोपतो तिथे बूथ पातळीवरचा अधिकारी रात्री येऊन खात्री करतो, तीही एकाहून जास्त रात्री. बऱ्याच जणांना हे पहिल्यांदाच कळतं.

मुलाखतीत 'तुम्ही बेघर कसे झालात?' हा प्रश्न नको. उत्तर एकतर रडत येतं किंवा पाठ केलेलं येतं. 'काल' विचारायचा. काल कुठे झोपलात? उठल्यावर पाणी कुठे मिळालं? काम मिळालं का, कुणी दिलं, पैसे हातात पडले का? जेवलात कुठे, शिवभोजन थाळी की हमाल पंचायतीची कष्टाची भाकर की टपरीवर वडापाव? सामान कुणाकडे होतं? एका दिवसाचा खर्च पैशापैशाने लिहून घेतला की दिसतं, की घर नसणं महाग पडतं. शौचालयाला पैसे, अंघोळीला पैसे, मोबाईल चार्ज करायला टपरीवर चहा घ्यावाच लागतो, शिजवता येत नाही म्हणून तिन्ही त्रिकाळ बाहेरचं.

सामानाचे फोटो हा प्रकल्पातला सगळ्यात बोलका भाग ठरला. खताचं किंवा साखरेचं पोतं, तोंड नायलॉनच्या दोरीने आवळलेलं. आत एक ब्लँकेट, एक चादर, स्टीलचं ताट, झाकणाचा डबा, दाढीचा ब्रश, दोन कपडे. आणि अगदी तळाशी, वेगळ्या पिशवीत घडी घातलेला पांढरा शर्ट आणि काळी पँट. केटरर त्याशिवाय वाढायला उभं करत नाही. लग्नसराईत त्या एका जोडावर रोजची कमाई अवलंबून असते, म्हणून तो धुऊन वाळत घालायची जागा झोपायच्या जागेइतकीच जपली जाते. पोतं दिवसा टपरीवाल्याकडे, झाडाच्या बेचक्यात, डीपीच्या, म्हणजे विजेच्या पेटीच्या, मागे किंवा शटरच्या वरच्या पत्र्यावर. सफाईत ते उचललं गेलं की आधारकार्डही जातं, म्हणून कागद अंगावर असतात: दुधाच्या पिशवीत तीन घड्या घालून, बनियनच्या आतल्या खिशात. हा फोटो काढताना मालकालाच वस्तू मांडायला सांगावं. मांडणी त्याची, आपण फक्त वरून, स्टुलावर उभं राहून, ३५ मिमीने काढायचं. आधारचे बारा आकडे झाकलेले आहेत याची खात्री शटर दाबण्याआधी करावी. २४ मेगापिक्सेलच्या फाईलमध्ये ते मोठं करून सहज वाचता येतात.

कॅमेऱ्याचं फार नाही. ३५ किंवा ५० मिमीची एक लेन्स पुरते. २०० मिमीची झूम आम्ही वापरूच दिली नाही, कारण ती लागते तेव्हा आपण लांबून, न विचारता काढत असतो. कॅमेरा समोरच्याच्या नजरेच्या उंचीला, म्हणजे बसलेल्या माणसासाठी जमिनीपासून अडीच फुटांवर. फ्लॅश नाही. रात्री रस्त्याच्या दिव्याखाली आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ३२००, ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/२, शटर १/५० सेकंद हे सुरुवातीचं माप. पुलाखाली आयएसओ ६४०० पर्यंत जावं लागतं. इथे एक तांत्रिक घोळ नेहमी होतो. आवाज नको म्हणून मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्याचं सायलेंट शटर लावलं जातं, आणि एलईडी दिव्याखाली फोटोभर आडवे काळे पट्टे येतात. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की पट्टे बहुतेक जातात, तरी राहिले तर मेकॅनिकल शटरवर यावं. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, ऑटोवर सोडला तर एकाच मालिकेत एक फोटो निळा, एक पिवळा येतो. ४००० केल्विनवर बांधून ठेवावा, रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाईलमध्ये, काढावं आणि नंतर जुळवावं.

ब्लॅक अँड व्हाइटचा मोह आवरावा. छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांवरचं काम कृष्णधवलमध्ये केलं आणि ते थोर आहे, पण त्यामागे वर्षानुवर्षांचं नातं आहे. सेमिस्टरभराच्या प्रकल्पात रंग काढले की सगळीच माणसं एकसारखी दुःखी दिसायला लागतात. पांढऱ्या शर्टाशेजारची केशरी शाल, हिरवं ताट, निळी ताडपत्री, हे सगळं त्या माणसाने निवडलेलं असतं.

निवड पडद्यावर करू नये. ४ बाय ६ च्या स्वस्त प्रिंट काढून फरशीवर पसराव्यात आणि गटाने उभं राहून ठरवावं. आधी काढून टाकायचे ते ज्यांत माणसाशिवाय आपली हुशारी दिसते: आरशातलं प्रतिबिंब, होर्डिंगचा विरोधाभास, गजांमधून घेतलेली फ्रेम. एका माणसाचे पाच-सहा फोटो मिळून दिवस उभा राहतो: जागा, काम, हात, सामान, जेवण, आणि चेहऱ्याला होकार असेल तर चेहरा. बारा ते पंधरा फोटोंत दोन माणसांचा दिवस नीट सांगता येतो. दहा जणांचा सांगायला गेलं की पुन्हा गर्दीच होते.

कॅप्शनवर फोटोइतकीच मेहनत लागते. १९३६ मध्ये अमेरिकन छायाचित्रकार डोरोथिया लँग यांनी कॅलिफोर्नियात नायपोमो इथे काढलेला स्थलांतरित आईचा फोटो जगभर गेला, पण त्या बाईंचं नाव त्यांनी विचारलं नव्हतं. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन ही ओळख १९७८ मध्ये पुढे आली. अन्नासाठी गाडीचे टायर विकले ही लँग यांनी नोंदवलेली गोष्टही कुटुंबाने नाकारली. म्हणून कॅप्शनचा मसुदा त्या माणसाला वाचून दाखवायचा, आणि तो म्हणेल ते खोडायचं. 'हतबल', 'लाचार', 'आशेचा किरण' हे शब्द बाद. 'पहाटे साडेपाच. लग्नाच्या हॉलमधून चालत परत. मजुरी उद्या मिळणार.' एवढं पुरतं.

प्रिंट १२ बाय १८ इंच, मॅट, ५ मिमी सनबोर्डवर (हलक्या फोमच्या पुठ्ठ्यावर). ग्लॉसी कागदावर ट्यूबलाइट चमकते. फोटोचा मध्य जमिनीपासून ५८ इंचांवर, कॅप्शन किमान १८ पॉइंटमध्ये, मराठीत. बालगंधर्व रंगमंदिराचं कलादालन किंवा असं कुठलंही दालन हवं असेल तर तारीख काही महिने आधी धरावी लागते. पण दालनाआधी एक फेरी फुटपाथवर करावी. ज्यांचे फोटो आहेत त्यांना प्रिंट दाखवायची आणि नको म्हटलेली तिथेच काढून ठेवायची. त्यांच्या प्रती ५ बाय ७ मध्ये, लॅमिनेट करून द्यायच्या.

फाईलींची व्यवस्था शेवटी केली तर उशीर होतो. मोबाईलने काढलेल्या फोटोत अक्षांश-रेखांश असतात. कॅमेऱ्यातलं आणि फोनमधलं लोकेशन सुरुवातीलाच बंद करावं, आणि बाहेर देण्याआधी मेटाडेटा, म्हणजे फाईलमध्ये दडलेली ही माहिती, पुसावा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर मेटाडेटा बहुधा निघून जातो, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जसाच्या तसा पोचतो. मूळ फाईलींच्या दोन प्रती, दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, पासवर्डखाली. नावं एका वहीत, फोटोंवर फक्त क्रमांक, आणि ती वही मार्गदर्शक शिक्षकांकडे. संमती मागे घ्यायची झाली तर कुणाला फोन करायचा, तो नंबर प्रत्येकाला प्रिंटच्या मागे लिहून द्यावा. तो नंबर विद्यार्थ्याचा नको, कारण विद्यार्थी पास होऊन गाव सोडतात. विभागाचा लँडलाइन द्यावा, आणि फोन उचलणाऱ्या शिपायाला व लिपिकाला हा प्रकल्प काय आहे आणि असा फोन आला तर कोणत्या क्रमांकाचा फोटो कुठून काढायचा, हे लेखी देऊन ठेवावं.